काटा काढल्यानंतर

आपल्याकडे पंक्चर काढतात. दुरुस्त करत नाहीत, बुजवत नाहीत, काढतात. दुकानापुढं गाडी उभी करून माणूस म्हणतो, "तेवढा पंचर काढून द्या," आणि दुकानदार जॅक उचलता उचलता म्हणतो, "काढू की." या क्रियापदाचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा तर्क असा, की ते पायातून चाकात आलं. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या माणसं अनवाणी चालली, तिथं पायात काटा मोडणं आणि घरातल्या कुणीतरी तो पाय मांडीवर घेऊन, सुई दिव्यावर धरून, काटा काढणं हा रोजचा प्रकार होता. पुढं सायकल आली, तिच्या चाकात तोच बाभळीचा काटा शिरला, आणि पायाचं क्रियापद आपसूक चाकाला लागलं.

शब्द देखणा आहे, पण त्यानं आपलं एक नुकसान केलं. काढणं म्हटलं की काटा बाहेर आला आणि काम संपलं, असं मनात बसतं. पायाच्या बाबतीत जुन्या माणसांची अशी गल्लत होत नसे. काटा निघणं वेगळं आणि पाय बरा होणं वेगळं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. टोक आत राहिलं तर वरून कातडी मिटते, माणूस चालू लागतो, आणि काही दिवसांनी तिथं कुरूप धरतं. मग बिब्ब्याचा चटका आणि लंगडणं. टायरलाही कुरूप धरतं, फक्त ते वरून दिसत नाही. ही सगळी पुस्तिका त्या न दिसणाऱ्या कुरुपाबद्दल आहे.

ती लिहावी असं वाटायला एक घटना कारण झाली. पावसाळ्याच्या तोंडावर मांजरसुंब्याहून केजकडे जाताना माझ्या कारचं पुढचं डावं चाक बसलं. स्टेअरिंग एका अंगाला ओढायला लागलं होतं, ते मी रस्त्याचा दोष समजून काही वेळ दुर्लक्षिलं. कळलं तेव्हा पुढं दुकान दिसत होतं, म्हणून बसलेल्या चाकावरच अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी नेली. दुकानातल्या तरुणानं चाक न खोलता स्क्रू उपटला, भोकात कानस फिरवली, सुईत ओवलेला काळा धागा सोल्यूशन लावून आत ढकलला, सुई मागं ओढली, बाहेर राहिलेली शेपटं कापली आणि हवा भरली. दहा मिनिटांत मी मार्गाला लागलो. त्या तरुणाचं काहीही चुकलं नव्हतं. रस्त्यात अडकलेल्याला घरी पोहोचवणं हे त्याचं काम होतं आणि ते त्यानं चोख केलं. चूक माझी होती. घरी पोहोचल्यावर मी ती गोष्ट विसरून गेलो.

दिवाळीनंतर त्या चाकातली हवा दर आठवड्याला कमी भरू लागली. तेहतीस पीएसआय भरावी तर आठ दिवसांत सव्वीस. शेवटी बार्शी नाक्याजवळ चाळीस वर्षं टायरचंच काम करणाऱ्या एका चाचांकडे गाडी नेली. त्यांनी वरून धाग्याकडं पाहिलं, पण बोलले काही नाही. टायर रिमवरून उतरवला, आत दिवा सोडला आणि मला जवळ बोलावलं. "हात घाला, सर." मी टायरच्या आतून हात फिरवला. बोटं काळी झाली. आत बारीक बुकणी साठली होती, गिरणीत पीठ साठतं तशी. "ही टायरचीच बुकणी. तुम्ही बसल्या चाकावर गाडी चालवली होती, व्हय ना?" मग त्यांनी धाग्याच्या भोवतीची जागा दाखवली. तांबूस डाग होता. "पावसाळाभर पाणी पिलंय हे. आतल्या तारा गंजल्यात. वरून काय दिसतंय?" मी दुरुस्तीचे पैसे विचारले, तेव्हा त्यांनी तो टायर दुरुस्त करायलाच नकार दिला. हातात आलेलं काम माणूस सहसा सोडत नाही. त्यांनी सोडलं आणि टायर भंगारात टाकायला सांगितला. त्या दिवशी चाचांनी जे दाखवलं, त्यातूनच पुढची पानं लिहिली गेली.

हे सारं बीडमध्ये घडलं हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. हा जिल्हा टायरवर जगला आहे. परळीला जुनी रेल्वे आहे, पण जिल्ह्याच्या मुख्य शहराला प्रवासी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाल्याला तोवर तीस वर्षं होऊन गेली होती. तितकी वर्षं, आणि त्याआधीचीही सगळी, बीडकर रबरी चाकांवर हलला. मोंढ्यातला कापूस, लग्नाची वऱ्हाडं, संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात न्यायचा रुग्ण, पुण्याला शिकायला निघालेली पोरं, सगळं याच चाकांवर. सोलापूर–धुळे महामार्ग शहराला लागून जातो, कल्याण–निर्मल महामार्ग गढी-माजलगावाकडून जातो, आणि या दोन धमन्यांपासून फुटलेले रस्ते बालाघाटाच्या डोंगरात चढतात नाहीतर गोदावरीकाठच्या गंगथडीत उतरतात. धारूरच्या घाटात पंक्चर झालेली गाडी ज्यानं पाहिली आहे, त्याला चाकाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

इथले काटेही सांगितले पाहिजेत, कारण टायरला काय टोचतं हे मुलूख ठरवतो. पहिला मान बाभळीचा. पांढरे, सरळ, जोडीनं येणारे काटे. कुंपणाला बाभळीचे फेस लावले की वाऱ्यानं, जनावरानं त्यातलं एखादं शिरकुट वाटेवर येतंच. दुसरी वेडी बाभूळ, अमेरिका खंडातून आलेली आणि आता नदी-ओढ्याच्या काठानं माजलेली. तिसरा सराटा. जमिनीला धरून पसरणारा हा वेल पिवळ्या फुलांनी साधाभोळा दिसतो. पण त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहीलच अशी त्याची घडण. सायकलवाल्यांचा तो जुना वैरी, आणि इंग्रजीत तर त्याला नावच पंक्चरचा वेल असं पडलं आहे. कारच्या जाड टायरला सराटा काही करू शकत नाही. बाभळीचा काटा मात्र नक्षीच्या खाचेत, जिथं रबर पातळ असतं तिथं, शिरतो. आणि तो मोडतो. वरचा भाग झिजून जातो, टोक आत राहतं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडं थोडं आत सरकत राहतं. आठवड्याला दोन-चार पीएसआय हवा कमी होते, बाहेरून काही दिसत नाही, आणि माणूस व्हॉल्वला दोष देतो. चाचा त्याला 'मुरलेला काटा' म्हणतात.

दुसरी गोष्ट लोखंडाची. दसऱ्याच्या सुमाराला या जिल्ह्यात नालबंदांना उसंत नसते. ऊसतोडीला निघायचं म्हणून बैलांना पत्र्या मारून घेतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. चार पायांना आठ. प्रत्येक पत्रीला खिळे. डांबरावर चालून चालून पत्री ढिली होते, खिळा सुटतो आणि रस्त्यावर पडतो. आखूड, जाड डोक्याचा हा खिळा टायरला टोचला की सरळ जातो. ज्या बैलाच्या पायाला आधार म्हणून तो ठोकला होता, त्याच बैलाच्या गाडीचं चाक तो कधी कधी बसवतो.

कारण ऊसतोड कामगारांची बैलगाडीसुद्धा टायरवरच चालते. साखर कारखान्यांच्या भाषेत तिला 'टायरगाडी' किंवा नुसतं 'टायर' म्हणतात. बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना टनावर फेडायची असते. रात्रीच्या थंडीत दोन टनांच्या वर ऊस लादलेल्या गाडीचं चाक बसलं, तर बैल सोडायचे, गाडीला टेकण लावायचं, दुकान शोधायचं, नाहीतर ऊस उतरवून परत भरायचा. खेप चुकली की तेवढी मजुरी गेली. कारवाल्याला पंक्चर म्हणजे अर्ध्या तासाची अडचण. कोयत्याला पंक्चर म्हणजे दिवस. ही पुस्तिका कारच्या टायरबद्दल आहे, तरी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढून ती बैलगाडी हलली नाही. टायरगाडीच्या ट्यूबवर एक वेगळं प्रकरण शेवटी दिलं आहे ते त्यामुळंच.

आता टायरकडे. ट्यूबच्या टायरमध्ये हवा धरून ठेवणारी वस्तू वेगळी, रस्त्यावर घासणारी वेगळी. खिळा ट्यूबला लागला की हवा टायर आणि रिमच्या फटींतून झपाट्यानं निघून जाते. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आतल्या अंगालाच हवा न झिरपणाऱ्या रबराचं अस्तर असतं आणि टायरची कड रिमवर घट्ट बसून हवा अडवते. खिळा आत गेला तर रबर त्याला आवळून धरतं. खिळाच बूच होतो. म्हणून ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला, तर तो रस्त्यात उपटू नये. हवा किती आहे ते पाहावं, भरावी आणि सावकाश दुकान गाठावं. याच गुणात त्याचा धोकाही आहे. हवा हळू जाते, म्हणून कळत नाही, आणि माणूस कमी हवेवर शेकडो किलोमीटर चालवतो.

कमी हवेनं आत नेमकं काय होतं, हे एकदा नीट समजलं की बाकी बरंच आपोआप उमगतं. गाडीचं वजन टायर पेलत नाही, टायरमध्ये कोंडलेली हवा पेलते. हवा कमी झाली की बाजूची भिंत वाकते. ताशी साठच्या वेगानं धावणाऱ्या साधारण कारचं चाक मिनिटाला पाचशेच्या वर फेरे घेतं. म्हणजे ती भिंत मिनिटाला पाचशे वेळा दुमडते आणि पाचशे वेळा सरळ होते. तार वाकवत राहिलं की गरम होऊन तुटते, तसंच. बीडच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना, डांबराची उष्णता त्यात मिळते. आतलं अस्तर घासून त्याची बुकणी होते. माझ्या बोटांना लागलेली ती हीच. असा टायर बाहेरून नवा दिसू शकतो. त्यातलं छिद्र कितीही सुबक बुजवलं, तरी भिंत आतून मोडलेली असते आणि ती भरवेगात फुटते. म्हणून टायर उतरवून आतून पाहणं ही दुरुस्तीतली पहिली पायरी आहे.

छिद्र बुजवणाऱ्या रबराच्या मागं मोठा इतिहास आहे. तो इथं सगळा सांगत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हवा भरलेल्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्ये घेतलं आणि लोक ते विसरले. १८८७ मध्ये बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपनं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते नव्यानं घडवलं. पण डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झालं तर काही तास सोडवण्यात जात आणि मग चिकटवलेलं रात्रभर वाळवावं लागे. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असाच एक पंक्चर झालेला सायकलस्वार आला, आणि ती खटपट पाहून त्यांनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. टायर रिमवरून सुटा होऊ लागला तो पंक्चरसाठी. आज आपण दहा मिनिटं वाचवायला टायर न उतरवता धागा ढकलतो, तेव्हा ती सोय आपण वापरतच नाही.

सोल्यूशनची गोष्टही याच काळाच्या थोडी आधीची. कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगलं, की रबरात गंधक मिसळून उष्णता दिली की ते टिकाऊ आणि लवचिक होतं. तो १८६० मध्ये वारला, पैसा न मिळवता. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ मध्ये, दुसऱ्याच माणसांनी काढलेली; आणि त्याच नावाचा टायर कारखाना पुढं आपल्या मराठवाड्यात, वाळूजला, उभा राहिला. पंक्चरच्या दुकानावर पत्र्याच्या पाटीवर वेडंवाकडं 'व्हल्कनायझिंग' लिहिलेलं असतं, ते गुडइयरच्या त्या शोधाचं नाव. ट्यूबवर कच्च्या रबराचा तुकडा ठेवून, शिकंजात आवळून, वर छोटी आग देणारे जुने कारागीर हेच करत होते. आजचा थंड पॅचही तेच करतो, फक्त उष्णतेऐवजी रसायनाच्या जोरावर. सोल्यूशन म्हणजे डिंक नव्हे. ते टायरच्या रबराची पॅचच्या रबराशी सांधेजोड करतं. म्हणून ते पातळ लावायचं, आणि बोटाच्या पाठीला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतकं सुकू द्यायचं. ओल्यावरच पॅच दाबला, किंवा घाईनं फुंकर घालून तोंडाची वाफ त्यावर सोडली, तर सांधा धरत नाही. या एका ओळीसाठी कुणी ही पुस्तिका घेतली, तरी माझे कष्ट भरून आले.

आता दोन पद्धती. बाहेरून घालायचा धागा, ज्याला काही जण स्ट्रिप म्हणतात, आणि आतून लावायचा पॅच. वाचक पहिला प्रश्न हाच विचारतात, की चांगलं कोणतं. धागा म्हणजे दोरांवर चढवलेलं कच्चं चिकट रबर. चाक फिरताना टायर तापतो आणि त्या उष्णतेनं ते रबर भोकात बसत जातं. रात्री पाली घाटात, मुलंबाळं गाडीत असताना, धागा हा देवासारखा आहे. पण तो भोकात आवळून बसलेला असतो, अस्तराला जोडलेला नसतो. त्याच्या कडेनं पाणी उतरू शकतं. कारच्या रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचलं की गंज धरतो, आणि गंजलेल्या तारेला रबर सोडून देतं. शिवाय धागा घालण्यासाठी कानस फिरवताना नवख्या हातानं दोन-चार तारा तुटतात, त्या वेगळ्याच.

नुसता आतला पॅचही पुरत नाही, हे कमी लोकांना ठाऊक असतं. पॅच अस्तराला घट्ट जोडला जातो आणि हवा थांबते, पण बाहेरून आतपर्यंत गेलेली खिळ्याची वाट उघडीच राहते. पाणी त्या वाटेनं तारांशी येतंच. म्हणून दोन्ही हवं: वाट भरणारा दांडा आणि अस्तर झाकणारी टोपी. दोन्ही एकत्र असलेल्या तुकड्याला आपल्याकडची दुकानं 'मशरूम' म्हणतात, आकारावरून, आणि नाव अगदी बरोबर आहे. तो आतून बाहेर ओढून घेतात. त्याआधी भोक नेमक्या मापाचं साफ करायचं, आतलं अस्तर हळू फिरणाऱ्या घासणीनं घासायचं, धूळ काढायची, सोल्यूशन लावून सुकू द्यायचं. टोपी बसली की रोलर मधून कडेकडे फिरवायचा, हवेचा बुडबुडा अडकू नये म्हणून. मग कडेला बंदिस्त करायचं, बाहेरचा दांडा नक्षीच्या बरोबरीनं कापायचा. खिळा फार तिरका गेला असेल तर एकसंध मशरूम नीट बसत नाही. तिथं दांडा आणि पॅच वेगवेगळे लावावे लागतात. हे सगळं करायला दहा मिनिटांऐवजी अर्धा-पाऊण तास लागतो. तो अर्धा तास दुकानदाराला द्यावा आणि त्याचे पैसेही द्यावेत. घासाघीस करून वेळ कमी केला, की नेमकी सुकण्याची आणि पाहण्याची पायरी गळते.

कुठं दुरुस्त करू नये, याबद्दल माझं मत ठाम आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही. कारच्या टायरला भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, खांद्यावर म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथं असेल, किंवा भिंतीवरच असेल, तर टायर सोडून द्यावा. भिंतीत पोलादी पट्टे नसतात आणि ती सतत दुमडते. तिच्यावरचं ठिगळ रोज हजारो वेळा वाकणार. 'मी भिंतीवरही काढून देतो' म्हणणारा कुशल हाताचा माणूस असेल, पण त्याच्या कौशल्यानं भिंत वाकायची थांबत नाही. आधीच्या दुरुस्तीला खेटून दुसरी करू नये. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल, तर तो टायर तसाही कायद्यानं रस्त्यावर चालत नाही. त्यावर पॅचचा खर्च कशाला?

ठिगळ हा शब्द वर सहज आला, पण मला तो नीट वापरायचा आहे. आमच्या घरी आजी वाकळ शिवायची. जुन्या लुगड्यांचे तुकडे, धोतराचे तुकडे. ठिगळ फाटण्यापेक्षा चारी बाजूंनी मोठं घ्यायचं, कारण फाटक्या जागेच्या काठाचं कापडही विरलेलं असतं, ते टाका धरत नाही. कोपरे गोल करायचे, टोकदार कोपरा आधी उसवतो. ट्यूबचा पॅच गोल का असतो आणि त्याच्या कडा पातळ होत का जातात, हे मला पुढं कुणी शिकवावं लागलं नाही. बांधणीचा नियम वाकळीचा आणि टायरचा एकच आहे. फरक एवढाच, की वाकळ उसवली तर थंडी लागते.

स्टेपनीबद्दल थोडं. हा शब्द आपण इतका आपला केला आहे, की तो वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला, हे कुणाला खरं वाटत नाही. १९०४ च्या सुमाराला तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली; तोवर मोटारींना जादा चाक नसे, रस्त्यातच टायर काढून ट्यूब सांधावी लागे. आता गंमत अशी, की चाक परत जातं आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर कारला स्टेपनी सक्तीची नाही. शहरात हे चालून जाईल. पाटोदा-आष्टीच्या आडरस्त्यावर, जिथं पुढचं दुकान तीस किलोमीटरवर आहे, तिथं संचातला धागा आणि छोटा कंप्रेसर हीच तुमची स्टेपनी. म्हणून तो संच वापरायला घरी, दिवसाउजेडी, एकदा तरी शिकून घ्यावा. फवारून आत सोडायचा द्राव वापरलात, तर दुकानदाराला ते आधी सांगा. काही डब्यांतला वायू पेट घेणारा असतो, आणि दुकानात ठिणगी असते.

इथून पुढं मी त्या दुकानदाराबद्दल बोलणार आहे, कारण त्याच्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी आहे. 'पंक्चरवाला' हा शब्द अलीकडे हिणवायला वापरतात. शिकला नाहीस तर पंक्चर काढशील, असं आईबाप मुलांना सांगतात. एका समाजाला उद्देशून तो शिवीसारखा फेकलाही जातो. मला याचा मनापासून राग आहे. ज्या माणसाच्या हातावर तुमच्या मुलांची गाडी ताशी शंभरनं धावते, त्याच्या कामाचं नाव शिवी कसं होतं? या धंद्यात आमच्याकडचे पिढीजात कारागीर आहेत, उत्तरेतून आलेले तरुण आहेत, आणि महामार्गावर मल्याळम बोलणारे अण्णाही भेटतात. देशातलं बहुतेक रबर ज्या केरळात पिकतं, तिथली माणसं इतक्या दूर येऊन रबराचीच चाकं सांधतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला. टायरबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा मला कुठल्या शोरूममध्ये भेटलेला नाही.

हा धंदा जिवावरचा आहे. ट्रकच्या जुन्या डिस्कवर टायर लोखंडी रिंगेनं अडकवलेला असतो. ती नीट बसली नसताना हवा भरली, तर रिंग उडते आणि समोरच्या माणसाच्या छातीत किंवा तोंडावर बसते. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावं, पोरानं समोर वाकून उभं राहू नये, नळी लांब असावी. इतकं साधं आहे आणि इतकं क्वचित दिसतं. बसल्या चाकावर धावून आलेला ट्रकचा टायर तर खोलून पाहिल्याशिवाय हवा भरूच नये. आतल्या तारा तुटलेल्या असतील, तर तो चेन उघडावी तसा फाटतो. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढावं, नाहीतर टाकी आतून गंजते. या पुस्तिकेतलं सहावं प्रकरण फक्त दुकानात काम करणाऱ्या मुलांसाठी आहे. गाडीमालकांनीही ते वाचावं. आपल्या चाकावर वाकलेलं पोर चौदा वर्षांचं असेल, तर तिथं काम करून घेऊ नये.

पुस्तिकेत काय आहे याची यादी इथं देत नाही, ती अनुक्रमणिकेत आहे. एक मात्र सांगतो. प्रत्येक पायरी मी चाचांच्या दुकानात उभं राहून लिहिली आणि मग त्यांना वाचून दाखवली. तीन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'खिळा उपटावा'. ते म्हणाले, "आधी खडूनं खूण करा, मग खिळा कुठल्या अंगानं गेलाय ते बघा, मग उपटा. उपटल्यावर कुणाला विचारणार?" तशी दुरुस्ती केली आहे.

त्यांच्या दुकानात, पाण्याच्या टपाशेजारी, तेलाचा एक जुना डबा आहे. टायरमधून निघालेलं सगळं ते त्यात टाकतात. मी एकदा तो जमिनीवर ओतून निवडला. फॅब्रिकेशनच्या दुकानांतून आलेले स्क्रू सगळ्यांत जास्त. त्याखालोखाल बैलाच्या पत्रीचे आखूड खिळे. पाटीचा तुकडा, शेळीच्या दाव्याची कडी, एक बोथट सुई, आणि तळाशी बाभळीच्या काट्यांची काळी पडलेली टोकं, ओंजळभर. प्रत्येकाकडं बोट दाखवून चाचा सांगत गेले, हा कुठल्या अंगानं शिरतो, हा आत काय करतो, याच्यानंतर टायर वाचतो का. पहिलं प्रकरण त्या डब्यापासून सुरू होतं.